पटांगण शाळेचे, ‘ना हरकत’ कोणाची?

कर्जतहून मुरबाडच्या दिशेने निघाले की कशेळे लागते. गाव तसे लहान. परंतु भीमाशंकरच्या डोंगरपायथ्याशी विखुरलेल्या ठाकूर व कातकरी वाड्यांसाठी दुकाने, ग्रामीण रुग्णालय आणि एस. टी.चा थांबा यांचे हेच ठिकाण. निवडणूक आली की पक्षांच्या गाड्याही साहजिकच येथे येऊन थांबतात. २०२४ या एका वर्षात त्या दोनदा आल्या. १३ मे रोजी मावळ लोकसभा मतदारसंघाचे मतदान झाले आणि २० नोव्हेंबरला कर्जत विधानसभेचे. दुसऱ्या लढतीत शिवसेनेचे महेंद्र थोरवे यांनी अपक्ष सुधाकर घारे यांच्यावर सहा हजारांहून कमी मतांनी मात केली. निकाल इतका निसटता असेल तर कशेळे ते खांडस या पट्ट्यातील एकेका वाडीचे मत मोलाचे ठरते. त्या वाड्यांपर्यंत आपले म्हणणे न्यायचे तर उमेदवाराला माणसे जमविण्यासाठी जागा लागते.

आणि जागा हीच येथील अडचण आहे. मे महिन्यात शेते मोकळी असतात. पण नोव्हेंबरात भाताची कापणी आणि झोडणी चालू असते, खळ्यावर कोणी सभा घेऊ देत नाही. रस्त्यालगतची, सपाट, दोन-चारशे माणसे बसतील अशी सार्वजनिक जागा डोंगरपट्ट्यातील बहुतेक गावांत एकच असते, ती म्हणजे शाळेचे पटांगण. मुंबई-पुण्याच्या वाचकाला हा प्रश्न किरकोळ वाटेल. तेथे मैदान मिळाले नाही तर सभागृह मिळते, सभागृह नाही तर चौक मिळतो. मे २०२४ मध्ये शिवाजी पार्कच्या एकाच दिवसासाठी मनसे आणि उद्धव ठाकरे यांची शिवसेना या दोघांनी अर्ज केले होते. १७ मे रोजी मैदान मनसेला मिळाले आणि दुसऱ्या बाजूची सभा त्याच दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलात झाली. कशेळ्यासारख्या गावात असे दुसरे संकुल नसते. ज्याला पटांगण मिळाले त्याची सभा होते. ज्याला मिळाले नाही तो घरोघर फिरतो.

म्हणूनच शाळा-महाविद्यालयांच्या जागा प्रचारासाठी वापरण्याचे नियम नेमके काय सांगतात आणि ते प्रत्यक्षात कोणाच्या हाती आहेत, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

नियम सैल झाला, अटी आल्या

शैक्षणिक संस्था आणि त्यांची मैदाने, मग त्या सरकारी असोत, अनुदानित असोत वा खासगी, राजकीय प्रचारासाठी वापरता येणार नाहीत, अशी केंद्रीय निवडणूक आयोगाची भूमिका एकेकाळी होती. पुढे आयोगाने ती सैल केली. आता शाळा-महाविद्यालयांची मैदाने सभेसाठी घेता येतात; मात्र त्याला अटी आहेत. शैक्षणिक वेळापत्रक कोणत्याही परिस्थितीत विस्कळीत होता कामा नये. संस्थेच्या व्यवस्थापनाची हरकत नसावी आणि व्यवस्थापनाबरोबरच उपविभागीय अधिकाऱ्याची, म्हणजे आपल्याकडील प्रांताची, पूर्वपरवानगी घेतलेली असावी. प्रथम येणाऱ्यास प्रथम, या तत्त्वाने परवानगी द्यावी. कोणत्याही पक्षाने मैदानावर मक्तेदारी करू नये. न्यायालयाचा मनाई आदेश नसावा. मैदान जसे घेतले तसे परत करावे, मोडतोड झाली तर भरपाई द्यावी. मैदानांच्या वाटपात नियमभंग झाला तर जबाबदारी प्रांताधिकाऱ्याची, असेही आयोगाने स्पष्ट केले आहे. पंजाब आणि हरियाणात मात्र तेथील उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ही मुभा नाही.

याखेरीज इतर कायद्यांची कुंपणे आहेतच. पक्षाचे तात्पुरते प्रचार कार्यालय शैक्षणिक संस्थेला किंवा रुग्णालयाला लागून उघडता येत नाही, तसेच ते मतदान केंद्रापासून २०० मीटरच्या आत असता कामा नये. भिंती रंगविण्याला १९९५ च्या मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायद्याने मनाई आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिवर्धक चालत नाही. शाळा, रुग्णालये आणि न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला जात असे. २०१७ मधील दुरुस्तीनंतर मात्र राज्य सरकारने तसे जाहीर केल्याशिवाय तो आपोआप शांतता क्षेत्र ठरत नाही. ही दुरुस्ती मुंबईतील उत्सवांच्या वादातून लोकांच्या ध्यानात आली. तिचा फटका जेथे रुग्णालय आणि शाळा दोन्ही आहेत अशा लहान गावांनाही बसू शकतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

कागदावर पाहिले तर या अटी समंजस आहेत. सरसकट बंदी घातली असती तर कशेळ्यासारख्या गावात सभा घेणेच अवघड झाले असते, आणि त्याचा तोटा मोठ्या पक्षापेक्षा अपक्षाला व लहान पक्षाला अधिक झाला असता. मोठा पक्ष एखाद्या फार्महाऊसचे आवार भाड्याने घेऊ शकतो. कर्जत तालुक्यात त्यांची वाण नाही. ज्याच्या खिशात फक्त अनामत रकमेपुरते पैसे आहेत त्याला सार्वजनिक पटांगणाचाच आधार असतो. त्यामुळे बंदी उठविली हे योग्यच झाले. घोटाळा आहे तो ‘व्यवस्थापनाची हरकत नसावी’ या तीन शब्दांत.

व्यवस्थापन म्हणजे कोण?

महाराष्ट्रात शिक्षणसंस्था आणि राजकारण यांचे नाते नवे नाही, आणि ते केवळ वाईट आहे असेही म्हणता येणार नाही. ज्या काळात सरकार खेड्यात माध्यमिक शाळा काढीत नव्हते त्या काळात सार्वजनिक कामातल्या माणसांनीच त्या काढल्या. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेच्या अध्यक्षपदी पुढे शरद पवार आले. पतंगराव कदम यांनी १९६४ मध्ये भारती विद्यापीठ सुरू केले आणि मग ते मंत्री झाले. रायगडातही चित्र वेगळे नाही. अलिबागची पी. एन. पी. एज्युकेशन सोसायटी शेकापच्या पाटील घराण्याशी, तर पनवेलची जनार्दन भगत शिक्षण प्रसारक संस्था माजी खासदार रामशेठ ठाकूर यांच्याशी जोडलेली आहे. या संस्थांनी शिकविलेल्या पिढ्या जिल्ह्यात ठिकठिकाणी नोकरी-धंदा करीत आहेत.

पण नियमाच्या दृष्टीने प्रश्न उरतोच. संस्थेचा अध्यक्ष स्वतः उमेदवार असेल, किंवा उमेदवाराचा भाऊ, सासरा, पक्षाचा जिल्हाध्यक्ष असेल, तर ‘ना हरकत’ देणारा आणि मागणारा यांच्यात अंतर किती राहते? त्याच्या प्रतिस्पर्ध्याने अर्ज केला तर क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलनाची तालीम, मैदानाची दुरुस्ती अशी कारणे निघू शकतात, आणि प्रत्येक कारण खरे वाटावे असेच असते. प्रांताकडे अर्ज जातो तो ‘ना हरकत’ मिळाल्यानंतर. व्यवस्थापनाने नकारच दिला असेल तर प्रांताने करायचे काय, हे नियमात नाही. जबाबदारी त्याच्यावर, पण निर्णयाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात, अशी ही रचना आहे. कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचा प्रांत एकच आहे. प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात त्याच्या टेबलावर हेलिपॅडपासून मोटारसायकल फेरीपर्यंतचे अर्ज असतात. एखाद्या वाडीतल्या पटांगणाचा नकार खरा की बनाव, याचा शोध तो घेईल ही अपेक्षा बाळगणे अवघडच.

‘प्रथम येणाऱ्यास प्रथम’ हे तत्त्वही वाटते तेवढे निरागस नाही. आयोगाच्या ‘सुविधा’ संकेतस्थळावर अर्ज केल्याची वेळ नोंदली जाते, हे चांगलेच आहे. मात्र ज्या पक्षाकडे तालुक्याच्या ठिकाणी संगणकावर बसणारी माणसे आहेत तो प्रचार संपण्याच्या आधीचे शेवटचे दोन-तीन दिवस पहिल्याच तासात अडवून ठेवू शकतो. अडवून ठेवले आणि सभा घेतलीच नाही, तर त्याला दंड नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कची १७ तारखेची परवानगी मिळविल्यानंतर मनसेने ती सभा रद्द केली होती. तेथे कारण वेळ अपुरा मिळाल्याचे होते आणि त्यात लबाडी होती असे म्हणण्यास आधार नाही. तरी मैदान अडकले ते अडकलेच. गावात हेच घडले तर त्याची बातमीसुद्धा होत नाही.

जिल्हा परिषदेच्या शाळांची गोष्ट आणखी निराळी. तेथे व्यवस्थापन म्हणजे मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी, की शाळा व्यवस्थापन समिती? रायगड जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ तेथे प्रशासकच होता. म्हणजे लोकांनी निवडलेले व्यवस्थापन म्हणावे असे काही जिल्हा पातळीवर शिल्लकच नव्हते. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात आणि समितीतील निम्म्या जागा महिलांच्या असतात. मुलांची आई जिथे बसते अशी गावातली ही एकमेव अधिकृत समिती. पटांगण द्यायचे की नाही हे तिला विचारावे, असे मात्र कोणत्याही परिपत्रकाने नीट सांगितलेले नाही. मग निर्णय पडतो मुख्याध्यापकावर. वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेतला मुख्याध्यापक आमदारकीच्या उमेदवाराला नाही म्हणेल, असे गृहीत धरणे हे त्याच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. त्याची बदली कोणाच्या हातात असते हे त्याला ठाऊक असते.

शाळा सुटल्यानंतर सभा घेतली तर वेळापत्रक बिघडत नाही, हा युक्तिवाद नेहमी केला जातो. साध्या शाळेपुरता तो बव्हंशी बरोबर आहे. आदिवासी विकास विभागाच्या पेण प्रकल्पाखालील आश्रमशाळांना तो लागू पडत नाही. तेथे शाळा सुटते, पण मुले घरी जात नाहीत; शाळेचे आवार हेच त्यांचे अंगण, आणि रात्रीचा अभ्यास, जेवण, झोप सगळे तिथेच. सायंकाळी सातला सुरू झालेली सभा दहापर्यंत चालली तर ती कायद्यात बसते, मुलांच्या दिवसात बसत नाही. निवासी शाळांसाठी वेगळी अट हवी होती. ती नाही.

शाळेचे दिवस एरवीही निवडणुकीला जातातच. शिक्षकांना जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम देऊ नये, असे शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते. निवडणूक हा अपवाद कायद्यानेच मान्य केलेला असल्याने शिक्षक मतदान अधिकारी होतात, वर्ग मतदान केंद्र होतो. २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाआधी सर्व शिक्षक निवडणूक कामावर गेले असतील तर १८ आणि १९ तारखेला शाळा बंद ठेवण्याची मुभा मुख्याध्यापकांना मिळाली, आणि सुट्टी सर्वांना आहे की नाही यावरून गोंधळही उडाला. शहरातल्या मोठ्या शाळेत काही शिक्षक उरतात. दोन शिक्षकांच्या शाळेला कुलूप लागते. मतदानासाठी हे दिवस देणे समजण्यासारखे आहे. त्यावर प्रचाराची भर पडू नये, एवढीच अपेक्षा.

विद्यार्थ्याला नियम, संस्थाचालकाला सवलत

महाविद्यालय व विद्यापीठ पातळीवर गेले की विसंगती अधिक ठळक होते. कर्जत परिसरातील पदवी महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात. या राज्यात महाविद्यालयीन निवडणुकांतील हिंसाचाराला कंटाळून थेट निवडणुका बंद झाल्या. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याची हत्या झाली आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर नियुक्त्यांची पद्धत आणली. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांचे दार पुन्हा उघडले. २०१८ मध्ये त्यासाठीची नियमावली आली आणि तिने उमेदवाराला राजकीय पक्षाचे नाव, चिन्ह वापरण्यास मनाई केली. २०१९ मध्ये निवडणुका होणार म्हणता म्हणता त्या विधानसभा निवडणुकीचे कारण देऊन पुढे ढकलल्या गेल्या आणि मग करोना आला.

त्याआधी २००६ मध्ये माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने देशभरासाठी घालून दिलेल्या व सर्वोच्च न्यायालयाने स्वीकारलेल्या शिफारशी तर आणखी बारीक आहेत. उमेदवाराचा खर्च ५ हजार रुपयांच्या आत. छापील भित्तिपत्रक नाही, हाताने लिहिलेलेच, तेही ठरवून दिलेल्या जागी. प्रचाराला ध्वनिवर्धक नाही, वाहन नाही, जनावर नाही. अठरा-वीस वर्षांच्या मुलाला इतकी शिस्त लावणारी ही व्यवस्था त्याच महाविद्यालयाच्या फाटकावर संस्थाचालकाच्या वाढदिवसाचा भला मोठा फलक लागतो तेव्हा गप्प असते. फलकावर पक्षाचे चिन्ह नसते, फक्त पक्षनेत्यांची छायाचित्रे असतात, आणि आचारसंहिता लागू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत त्यात बेकायदा असे काहीच नसते.

मार्च २०२४ मध्ये कांदिवलीच्या एका महाविद्यालयातील प्रकाराने हा विषय काही दिवस चर्चेत आला. उत्तर मुंबईतील भाजपचे उमेदवार पीयूष गोयल यांच्या पुत्राच्या कार्यक्रमाला विद्यार्थ्यांना ओळखपत्रे काढून घेऊन बसविल्याचा आरोप झाला. एका विद्यार्थ्याने उभे राहून त्याबद्दल विचारल्याची चित्रफीत सर्वत्र फिरली. कार्यक्रम नवमतदारांसाठी होता. येथेच सीमारेषा पुसट होते. नवमतदारांना जागे करणे हे आयोगाचेच धोरण आहे आणि महाविद्यालयांतील मतदार साक्षरता मंडळे त्यासाठीच आहेत. परंतु मतदान करा हे सांगायला निवडणूक अधिकारी येणे वेगळे आणि उमेदवाराच्या घरातली व्यक्ती येणे वेगळे. मैदानाच्या परवानगीचे सगळे नियम पाळूनही असा कार्यक्रम आक्षेपार्ह ठरतो. मैदानात येणारा श्रोता उठून जाऊ शकतो; ज्याची हजेरी संस्थेच्या हाती आहे तो वर्गात बसलेला विद्यार्थी उठू शकत नाही.

सत्तेत कोणीही असो, हा मोह सुटत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठे व महाविद्यालयांना आवारात ‘सेल्फी पॉइंट’ उभारण्यास सांगितले. त्यासाठी सुचविलेल्या नमुन्यांवर पंतप्रधानांचे छायाचित्र असल्यावरून टीका झाली. लोकसभेची आचारसंहिता त्या वेळी लागू नव्हती, ती मार्चमध्ये लागली. नियमभंग झाला नाही, पण आवार वापरले गेले.

दुसऱ्या टोकाला, जेथे राजकारण उघडपणे चालते तेथे विद्यापीठ फारसे बिघडल्याचे दिसत नाही, हेही नोंदवायला हवे. मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेच्या नोंदणीकृत पदवीधर गटातील दहा जागा पक्षांच्या युवक व विद्यार्थी संघटना उघडपणे लढवितात. २०१८ मध्ये दहाही जागा युवासेनेने जिंकल्या. नंतरची निवडणूक वारंवार स्थगित झाली, उच्च न्यायालयाने ती घेण्यास सांगितले, आणि २४ सप्टेंबर २०२४ रोजी मतदान होऊन पुन्हा त्याच संघटनेच्या ठाकरे गटाने सर्व जागा घेतल्या. त्या साऱ्या प्रकरणात विद्यापीठाच्या नावाला बट्टा लागला तो प्रचारामुळे नव्हे, निवडणूक रोखून धरल्यामुळे.

बाहेरच्या देशांनी हा तिढा कसा सोडविला हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकेत करसवलत घेणाऱ्या विद्यापीठाला कोणत्याही उमेदवाराची बाजू घेता येत नाही. सभागृह द्यायचेच तर सर्वांना सारख्याच अटींवर द्यावे लागते. ब्रिटनने वेगळी वाट धरली. तेथील १९८३ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार निवडणूक काळात जाहीर सभेसाठी शाळेची खोली वापरणे हा प्रत्येक उमेदवाराचा हक्क आहे. भाडे नाही, दिवाबत्ती, साफसफाई आणि मोडतोड यांचा खर्च तेवढा द्यायचा, आणि शाळेच्या कामात अडथळा येणार नाही अशी वाजवी वेळ पाहायची. व्यवस्थापनाची मर्जी हा मुद्दाच तेथे उरत नाही. आपल्याकडे सभेची गर्दी आणि ध्वनिवर्धक यांचे मान निराळे असल्याने तो कायदा जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण अनुदानित संस्थेचे वेतन सरकारी तिजोरीतून होते, मग तिच्या पटांगणावर सर्व उमेदवारांचा सारखा हक्क का नसावा, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नाही.

यात अशक्य असे फार थोडे आहे. निवडणूक जाहीर होताच प्रांत कार्यालयाने तालुक्यातील देण्याजोग्या पटांगणांची यादी व उपलब्ध तारखा लावून टाकाव्यात; आश्रमशाळा त्यातून वगळाव्यात; शेवटच्या तीन दिवसांसाठी अर्जाच्या वेळेऐवजी चिठ्ठ्या टाकाव्यात; नकार दिला तर कारण लेखी द्यावे. व्यवस्थापनात उमेदवाराचे नातेवाईक असतील तर ‘ना हरकत’ आपोआप मिळाल्याचे समजावे, म्हणजे नकाराचे हत्यार बोथट होते. जिल्हा परिषदेच्या शाळेत पालकांच्या समितीचा ठराव पुरे मानावा. कायदा बदलण्याची गरज यातल्या बऱ्याच गोष्टींना नाही, आयोगाचे एक परिपत्रक पुरेल. अर्थात, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे असल्याने त्याला वेगळे परिपत्रक काढावे लागेल, आणि गावातली खरी चुरस त्याच निवडणुकांत असते.

पटांगणाबाहेरच्या सुविधांचा मात्र विचारही सुरू झालेला नाही. संस्थेच्या बस सभेला माणसे नेण्यासाठी निघाल्या, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर उमेदवाराची चित्रफीत आली, प्रवेश अर्जांवरील दूरध्वनी क्रमांकांची यादी प्रचार कार्यालयात पोहोचली, तर त्याला मैदानाच्या नियमांतील कोणती अट लावायची? शिक्षकांचा वापर हाही असाच अडचणीचा भाग. सरकारी कर्मचाऱ्याने उमेदवारासाठी काम करण्याला लोकप्रतिनिधित्व कायद्याने अटकाव केला आहे. खासगी अनुदानित संस्थेतील शिक्षक त्या व्याख्येत सरळ बसत नाही.

एका निवडणुकीत तर शाळा हीच मतदारांची वस्ती असते. कोकण शिक्षक मतदारसंघात ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील माध्यमिक व त्यावरील संस्थांचे शिक्षक मतदान करतात. २०१७ मध्ये तेथून शेकापचे बाळाराम पाटील निवडून आले होते, जानेवारी २०२३ मध्ये भाजपचे ज्ञानेश्वर म्हात्रे. सहा वर्षांची मुदत धरली तर पुढची निवडणूक २०२९ च्या सुरुवातीस येते, आणि ती दहावी-बारावीच्या परीक्षांच्या तोंडावर असेल. तिथे पटांगणाची गरजच पडत नाही. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत पाच-सहा मतदार एकत्र बसलेले असतात, दार उघडे असते, आणि उमेदवारासोबत आत येणारा माणूस पुष्कळदा संस्थेचाच पदाधिकारी असतो.